सांध्याच्या औषधाला छातीचा फोटो कशाला?

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत नाहीत. सकाळी उठल्यावर तास-दीड तास त्यांच्या हातांची बोटे नीट मिटत नाहीत, खडू धरता येत नाही. म्हणून पहिल्या तासाला त्या तोंडी गणिते घालतात आणि फळ्यावर मुलांकडून लिहून घेतात. मुलांना वाटते, ही बाईंची शिकवण्याची पद्धतच आहे.

दुखणे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे आहे. गेली काही वर्षे बाई आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेतात. त्यांनी हवा तसा उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी ‘बायॉलॉजिक’ प्रकारचे इंजेक्शन सुचवले, हातात एक रंगीत माहितीपत्रक ठेवले आणि सुरुवात करण्याआधी छातीचा फोटो व क्षयाची त्वचेवरची चाचणी करून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी ते पत्रक आमच्यापुढे टाकले. म्हणाल्या, “तुम्ही विज्ञानवाले ना? दुखतात बोटांचे सांधे. मग छातीचा फोटो कशाला? यात कुठे लिहिलंय ते दाखवा.”

आम्ही पत्रक दोनदा वाचले. तपासणी करावी असे मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते. का करावी ते कुठेच नव्हते. आणि गंमत अशी की, पुढच्या पानावरचे चित्र नीट समजून घेतले तर त्या तपासणीची गरजच पटू नये! चित्रात हातात भाले घेतलेल्या पांढऱ्या पेशी गुडघ्याच्या सांध्यावर चाल करून निघाल्या होत्या. खाली मजकूर: शरीराचे सैनिक शरीरावरच उलटले आहेत. शेजारी इंजेक्शनच्या नळीतून सुटलेला एक बाण, थेट ‘खलनायका’च्या छातीत घुसलेला.

त्यानंतर आम्ही अशी आणखी काही पत्रके मिळवून वाचली, आरोग्य पुरवण्यांतली जुनी कात्रणे काढली. सैनिक सगळीकडे होते. पुढे जे लिहिले आहे ते या प्रकारच्या लिखाणाचे परीक्षण आहे. त्यात आम्ही स्वतःलाही वगळलेले नाही. नववीच्या वर्गात रोगप्रतिकारशक्ती शिकवताना फळ्यावर किल्ला काढून त्याच्या तटावर सैनिक उभे करणारे आम्हीच.

आधी नावांचा घोळ

पत्रकात या औषधाला ‘जैविक औषध’ म्हटले आहे. शब्दकोशाच्या हिशेबाने चूक काढता येणार नाही. पण मराठी वाचकाच्या कानात ‘जैविक’ म्हटले की काय वाजते? जैविक खत, जैविक शेती, म्हणजे रसायन नसलेले, निरुपद्रवी. बाईंच्या सासूबाईंनी हेच विचारले: “जैविक आहे ना, मग घ्यायला काय हरकत आहे?” बायॉलॉजिक या शब्दाचा अर्थ इतकाच की हे औषध कारखान्यात रसायने एकत्र करून बनवता येत नाही, ते जिवंत पेशींकडून बनवून घ्यावे लागते. त्याच्या सौम्यपणाशी या शब्दाचा काही संबंध नाही.

पत्रक या औषधांना ‘अगदी नव्या युगाची’ असेही म्हणते. हेही अर्धेच खरे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रीजमध्ये सर्पदंशावरचे जे इंजेक्शन असते, तेही याच कुळातले. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढायची आणि ती साप चावलेल्या माणसाला द्यायची. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम कित्येक दशके चालत आले आहे. फरक आहे तो एवढा की, घोड्याच्या रक्तातून नाना प्रकारच्या प्रतिद्रव्यांची मिसळ मिळते, तर सांध्याच्या या औषधात एकाच प्रकारचे, एकाच रेणूला नेमके चिकटणारे प्रतिद्रव्य असते. वर्गात हे सांगायचे असेल तर घोड्यापासून सुरुवात करावी. मुलांना घोडा आठवतो.

‘संधिवात’ हा तिसरा गोंधळ. वयोमानाने कूर्चा झिजून गुडघे दुखतात तोही संधिवात आणि बाईंचा आजारही संधिवातच. एकात झीज, दुसऱ्यात दाह. रुमॅटॉइडमध्ये सांध्याच्या आतले पातळ अस्तर सुजते, जाड होते, त्यात प्रतिकारयंत्रणेच्या पेशी गर्दी करतात आणि हे वाढलेले अस्तर शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडू लागते. बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून, दोन्ही बाजूंना सारखे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे प्रमाण दोन-तीन पट. ज्या औषधाविषयी आपण बोलतो आहोत ते या दाहावर चालते. झिजलेल्या गुडघ्याला त्याचा उपयोग नाही. पत्रकावर मात्र गुडघ्याचे चित्र आहे! शिवाय नावात ‘वात’ असल्यामुळे बटाटा आणि हरभऱ्याची डाळ बंद करण्याचा सल्ला बाईंना स्टाफरूममध्ये निदान चार जणांनी दिला आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

सैनिक कुठे अडखळतात

आता मुख्य मुद्दा. सैनिकांची उपमा आम्हाला सरसकट टाकाऊ वाटत नाही. जंतू बाहेरचे, पेशी आतल्या, आणि दोघांत झुंज होते, इथपर्यंत ती चालते. सहावीच्या मुलाला तेवढे पुरते. पण उपमेचा गुण असा की, ती आपल्याला पुढचे प्रश्न विचारायला लावते, आणि दोष असा की, ते प्रश्न तिच्याच चौकटीत विचारायला लावते. सैनिक उलटले असतील तर उपाय काय? त्यांना मारणे किंवा नि:शस्त्र करणे. पत्रकातला बाण हेच करताना दिसतो. वाचणाऱ्याने धरून चालावे की, औषध ‘वाईट’ पेशी शोधून मारते आणि चांगल्यांना हात लावत नाही. मग छातीचा फोटो कशाला, हा बाईंचा प्रश्न बिनतोड ठरतो.

प्रत्यक्षात अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, एटॅनरसेप्ट ही या गटातली सर्वांत जुनी औषधे ज्याला जाऊन चिकटतात ती पेशी नसते. तो एक निरोप असतो.

प्रतिकारयंत्रणेतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या लहान लहान प्रथिनांच्या साहाय्याने. एका पेशीने प्रथिन सोडायचे, दुसरीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीवर ते बसले की दुसरीने कामाला लागायचे. अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. त्यातल्या एकाचे नाव टीएनएफ. हे लघुरूप उलगडले तर ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, म्हणजे अर्बुदाचा नाश करणारा घटक. हे नाव वाचून बाई घाबरल्या, आणि त्यांचे काय चुकले? अर्बुद नष्ट करणारा घटक अडवला तर कर्करोग होईल, असे कुणालाही वाटेल. पण हे नाव म्हणजे केवळ इतिहास आहे. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तद्रवात एक पदार्थ पाहिला. त्याने उंदरांमधली अर्बुदे मरत होती, म्हणून हे नाव पडले. पुढे दुसऱ्या संशोधकांना, आजारी प्राण्यांना खंगवणारा पदार्थ म्हणून तोच रेणू सापडला आणि त्यांनी त्याला ‘कॅकेक्टिन’ म्हटले. हत्ती आणि आंधळे ही गोष्ट इथे सांगण्याचा मोह होतो. शोधकाला जे काम पहिल्यांदा दिसले त्यावरून नाव पडते. रेणूला त्याचा पत्ता नसतो. या औषधांच्या बाबतीत कर्करोगाची विचारपूस डॉक्टर करतात आणि ती करायलाच हवी, पण नावावरून भीती काढण्यात अर्थ नाही.

सांध्यात टीएनएफचे काम दवंडीसारखे आहे. दवंडी पिटली की लोक घरांतून बाहेर येतात, आणखी लोकांना बोलावतात. सांध्याच्या अस्तरातल्या पेशींना टीएनएफचा निरोप मिळाला की त्या आणखी निरोप सोडतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून आणखी पेशी आत येतात, कूर्चा विरघळवणारी विकरे पाझरतात. दवंडी थांबत नाही आणि गर्दी पांगत नाही. औषध काय करते? कुणालाही पकडत नाही, मारायला धावत नाही. ढोलावर गोधडी टाकते.

एवढ्या एका ढोलाने काय होणार?

हा प्रश्न १९८०च्या दशकात जाणकारांनीच विचारला होता, आणि पत्रकांत या प्रश्नाचा मागमूस नाही, ही आमची दुसरी तक्रार. दाह झालेल्या सांध्यात एक नव्हे, कितीतरी सायटोकाइन सापडत होते. एकाला अडवले तर बाकीचे काम चालू ठेवतीलच, असे म्हणणे मुळीच चुकीचे नव्हते. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने याचा छडा कसा लावला, ते आम्हाला औषधापेक्षाही अधिक शिकवण्याजोगे वाटते.

रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या अस्तराच्या पेशी त्यांनी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवल्या. बाहेरून कोणतेही उत्तेजन न देता त्या पेशी दिवसचे दिवस इंटरल्यूकिन-१ हा दुसरा निरोप सोडत होत्या. मग त्या भांड्यात टीएनएफला चिकटणारे प्रतिद्रव्य घातले. अडवला होता टीएनएफ, पण घटला इंटरल्यूकिन-१. फिओनुला ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी हे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. याचा अर्थ, हे सगळे निरोप एका ओळीत शेजारी शेजारी उभे नव्हते. एक दुसऱ्याच्या पाठीमागे होता. पहिला ढोल दाबला तर पुढचेही मंदावतात. साध्या भांड्यातला हा प्रयोग वर्गात प्रश्न म्हणून ठेवून पाहा: दोन शक्यता आहेत, त्यांत निवड करणारा प्रयोग सुचवा. नववी-दहावीची मुले तिथपर्यंत पोहोचतात, थोडा वेळ दिला तर.

माणसांना देण्यासाठी टीएनएफविरोधी प्रतिद्रव्य तेव्हा अमेरिकेत तयार झालेले होते. जंतुसंसर्ग रक्तात पसरून अत्यवस्थ झालेल्या रुग्णांना ते उपयोगी पडेल, अशी आशा होती. तिथे ती फळली नाही. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९९२ मध्ये ते रुमॅटॉइडच्या २० रुग्णांना दिले गेले आणि त्यांची सूज, दुखणे, सकाळचा ताठरपणा झपाट्याने कमी झाला. पण त्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही ठाऊक होते की हे नवे औषध आहे. अशा वेळी नुसत्या आशेनेही माणसाला बरे वाटते. म्हणून मग ७३ रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. कोणाला खरे औषध आणि कोणाला दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रावण मिळते आहे, हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. तिचे निष्कर्ष १९९४ साली छापून आले. चार आठवड्यांनंतर नुसते द्रावण मिळालेल्या २४ पैकी २ जणांना, कमी मात्रा मिळालेल्या २५ पैकी ११ जणांना, आणि जास्त मात्रा मिळालेल्या २४ पैकी १९ जणांना सुधारणा होती.

आकडे बोलके आहेत, पण ‘सुधारणा’ म्हणजे काय ठरवले होते तेही पाहिले पाहिजे. सूज आलेल्या सांध्यांची संख्या, ताठरपणा वगैरे मोजमापांपैकी बहुतेकांत निदान २० टक्के फरक. म्हणजे २४ पैकी १९ जण बरे झाले, असा याचा अर्थ नाही. १९ जणांना किमान इतका फरक पडला. उरलेल्या ५ जणांना जास्त मात्रेनेही तेवढा पडला नाही. आणि औषध थांबल्यावर दुखणे परत येते, हे पहिल्या २० रुग्णांतही दिसले होते. आम्ही वाचलेल्या एका कात्रणाचे शीर्षक होते, ‘संधिवात कायमचा बरा’. या शीर्षकाला वरच्या आकड्यांत कुठेही आधार नाही. ढोलावरची गोधडी काढली की ढोल वाजू लागतो, कारण वाजवणारा तिथेच असतो. तो का वाजवतो आहे, याचे पूर्ण उत्तर अजून मिळायचे आहे. फेल्डमन आणि मैनी यांना २००३ साली लास्कर पारितोषिक मिळाले ते या कामासाठी, आणि ते सार्थच होते. त्यासाठी ‘कायमचा’ हा शब्द लागला नसता.

नावातली गंमत, आणि गोळी का नाही

नावांना मघाशी नावे ठेवली, तर एका चांगल्या नामकरणाचे कौतुकही करायला हवे. ‘मॅब’ने संपणारे नाव म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, एकाच पेशीच्या वंशावळीतून मिळवलेले एकसारखे प्रतिद्रव्य. ही युक्ती केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी शोधली तीही १९७५ सालीच. सुरुवातीची प्रतिद्रव्ये उंदराची असत आणि माणसाचे शरीर त्यांना परके मानून त्यांच्याविरुद्धच प्रतिद्रव्ये करी. सर्पदंशाच्या इंजेक्शनने घोड्याच्या प्रथिनाची रिॲक्शन येते तशातलाच हा प्रकार. म्हणून हळूहळू उंदराचा भाग कमी करत नेला. ‘मॅब’च्या आधीचे अक्षर ही कहाणी सांगते. इन्फ्लि-क्सि-मॅब: ‘क्सि’ म्हणजे मिश्र, सुमारे पाव भाग उंदराचा, बाकी माणसाचा. सर्टोलि-झु-मॅब: ‘झु’ म्हणजे जवळपास माणसाचा. अडालिम-उ-मॅब: ‘उ’ म्हणजे रचनेने माणसाचाच. एटॅनर-सेप्ट हे प्रतिद्रव्यच नव्हे. ‘सेप्ट’ म्हणजे ग्राही. त्यात टीएनएफ ज्यावर बसतो त्या ग्राहीचीच सुटी प्रतिकृती रक्तात सोडलेली असते. निरोप खऱ्या कानापर्यंत पोहोचण्याआधी खोट्या कानात जातो. नव्या औषधांसाठी उगम सांगणारे हे अक्षर २०१७ पासून वगळले गेले आणि २०२१ मध्ये ‘मॅब’ऐवजीही नवे प्रत्यय आले. जुनी नावे मात्र आहेत तशीच आहेत. औषधांच्या दुकानातून पाच-सहा नावे लिहून आणायला मुलांना सांगावे आणि फोड करायला लावावी. संधी-समास शिकवणारे शिक्षकही या तासाला हवेत.

बाईंचा दुसरा प्रश्न: गोळी का नाही? ॲस्पिरिनच्या रेणूचे वजन १८०. मेथोट्रेक्सेटचे ४५४. अडालिमुमॅबचे जवळपास १,४८,०००. हे १,३३० अमिनो आम्लांचे प्रथिन आहे, आणि पोट प्रथिनाचे जे करते तेच याचे करील. डाळीचे करते तेच. म्हणून इन्शुलिनसारखे टोचून घ्यायचे, म्हणूनच २ ते ८ अंशांत ठेवायचे. एकदा शरीरात गेले की ते दोन-दोन आठवडे टिकते; अडालिमुमॅब साधारणपणे पंधरवड्यातून एकदा पुरते ते त्यामुळे. (रुमॅटॉइडवर टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत, त्या लहान रेणूंच्या आहेत. कात्रणांत त्यांनाही सर्रास बायॉलॉजिक म्हटलेले आढळले.)

असा रेणू चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींकडून बनवून घेतात. पेशी वेगळी, वाढवण्याची रीत वेगळी, तर रेणूवर किंचित फरक पडतो. त्यामुळे पेटंट संपल्यावर दुसऱ्याने केलेल्या औषधाला ‘तेच’ न म्हणता ‘सारखे’, म्हणजे बायोसिमिलर म्हणतात, आणि सारखेपणा सिद्ध करावा लागतो. अडालिमुमॅबचे असे औषध अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये आणले, अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्शाला. खुद्द अमेरिकेत पेटंटांच्या भानगडींमुळे अशी औषधे दुकानात यायला २०२३ साल उजाडले. पाचवा हिस्सा झाला तरी शिक्षकाच्या पगारात तो जाणवतोच, पण पत्रकात किमतीचा विषयच नाही.

छातीचा फोटो

आता बाईंचा मूळ प्रश्न. क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे क्षय होतोच असे नाही. बहुतेकांच्या शरीरात मॅक्रोफेज आणि इतर पेशी जंतूंभोवती जमतात, एकमेकींना चिकटून त्यांची एक घट्ट गाठ बनते, आणि जंतू त्या गाठीत कोंडले जातात. मरतातच असे नाही. वर्षानुवर्षे तसेच राहतात. माणसाला पत्ता नसतो, त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत अशा संसर्गाची खूण मिळाली. चाळीस जणांच्या स्टाफरूममध्ये बारा-तेरा जण धरा.

ही गाठ टिकते कशावर? पहाऱ्यावरच्या पेशींना सतत मिळत राहणाऱ्या निरोपावर. रात्री गस्तवाल्याने हाक देत राहावे आणि बाकीच्यांनी जागे राहावे, तसे. आणि ती हाक देणाऱ्यांतला एक प्रमुख म्हणजे तोच टीएनएफ. सांध्यात जो निरोप नको असताना चालू आहे, तोच फुप्फुसातल्या त्या गाठीला हवा आहे. रक्तात मिसळलेले औषध सांध्यातला टीएनएफ आणि फुप्फुसातला टीएनएफ असा भेद करू शकत नाही. रेणू एकच आहे. गोधडी दोन्हीकडे पडते.

हे आधी कळले नव्हते असेही नाही. टीएनएफचा निरोप न पोहोचणारे उंदीर क्षयाच्या संसर्गाने लवकर मरतात, हे १९९५ साली प्रसिद्ध झाले होते. तरी औषध बाजारात आल्यावर २००१ साली अमेरिकेतून एक अहवाल आला, तेव्हा कुठे खडबडून जाग आली. इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यावर क्षय झालेल्या ७० रुग्णांची ती नोंद होती. त्यातले बरेचसे औषधाच्या पहिल्या तीन मात्रांच्या आतच आजारी पडले होते. एवढ्या लवकर म्हणजे नवी लागण नव्हे, जुना कोंडलेला जंतू सुटला असावा. ७० पैकी ६४ जण क्षय फारसा नसलेल्या देशांतले होते. आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा: ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर होता, त्यातल्या १७ जणांचा शरीरभर पसरलेला. कोंडणारी गाठच सैल झाली तर जंतू कुठेही जाऊ शकतो. म्हणून हे औषध चालू असताना ताप रेंगाळला, वजन उतरले, मानेत गाठ आली, तर खोकला नाही म्हणून घरी बसू नये, डॉक्टरांना सांगावे. ‘वाईट पेशींना मारणारा बाण’ एवढेच डोक्यात असलेला रुग्ण असा ताप अंगावर काढील. सैनिकांच्या चित्राशी आमचे भांडण आहे ते यासाठी.

२००१ नंतर आधी तपासणी, संसर्ग आढळला तर आधी त्यावर औषध, आणि मग इंजेक्शन, असा क्रम रूढ झाला. त्याने धोका बराच कमी झाला; शून्य झाला नाही. त्वचेवरची चाचणीही प्रतिकारयंत्रणेच्या प्रतिसादावरच अवलंबून असते, आणि स्टेरॉइड वगैरे औषधांनी ती मंदावलेली असेल तर संसर्ग असूनही हातावर फुगवटा येत नाही. त्यामुळे या रुग्णांमध्ये ५ मिलिमीटरचा फुगवटाही गृहीत धरतात.

आमच्या दवंडीच्या उपमेलाही कुरतडून पाहायला हवे. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींत असे दिसले की, इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब घेणाऱ्यांत क्षयाचे प्रमाण एटॅनरसेप्ट घेणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. तिन्ही जर नुसते ढोल दाबत असतील तर हा फरक का? एक उत्तर असे की, टीएनएफ सगळाच सुटा फिरत नाही, काही पेशींच्या अंगावरच चिकटलेला असतो. प्रतिद्रव्ये त्यालाही घट्ट धरतात आणि त्यामुळे काही वेळा ती पेशीच मरते; खोट्या कानाची पकड तितकी नसते. म्हणजे ‘कुणालाही मारत नाही’ हे आमचे वरचे विधान पुरते खरे नाही. पत्रकातल्या बाणात थोडे तथ्य निघाले, चित्रकाराच्या मनात नसताना.

हे सगळे आम्ही बाईंना तीन मधल्या सुट्ट्यांत सांगितले. सैनिक न वापरता सांगायला वेळ जास्त लागतो, हे कबूल. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी कंपासपेटीतली पट्टी काढून हातावरचा फुगवटा स्वतःच मोजला. १४ मिलिमीटर. दवाखान्यातल्या नर्सने १३ लिहिले, त्यावर बाई अजून नाराज आहेत. छातीचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी आधी क्षयप्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या आहेत. निदान महिनाभर त्या झाल्यावर पहिले इंजेक्शन. तोवर पहिल्या तासाला तोंडी गणिते चालू आहेत.